भोकं पाडलेल्या गिटारच्या बाजूने

"ओरिजिनल कंडिशन" ह्या दोन शब्दांचा मला अलीकडे राग यायला लागला आहे. जुनी मोटार, जुनं घड्याळ, जुना ग्रामोफोन यांच्याबद्दल कोणी ते म्हटलं तर मी गप्प बसतो. ज्याची त्याची हौस. पण जुन्या पेडल स्टील गिटारबद्दल कोणी "एकही नवीन भोक पाडलेलं नाही हं, सगळं ओरिजिनल!" असं अभिमानाने सांगायला लागलं की डोक्यात तिडीक जाते. कारण ह्या वाद्याचा सगळा इतिहासच मुळी भोकं पाडण्याचा आहे. ज्यांनी ते घडवलं त्यांना ओरिजिनलचं काडीचं कौतुक नव्हतं. त्यांना ते असतं, तर आज संग्राहकांना काचेआड ठेवायला काही उरलंच नसतं.

नेहमीच्या वाचकांना माझं हे खूळ माहीत आहे. पण नातेवाइकांपैकी जे वाचतात (आत्या, तू वाचतेस हे मला ठाऊक आहे), त्यांच्यासाठी आधी हे वाद्य म्हणजे काय प्रकरण आहे ते सांगतो.

जुन्या हिंदी सिनेमाची गाणी हवाईयन गिटारवर वाजवलेल्या तबकड्या ज्यांच्या घरी होत्या, ज्यांना व्हॅन शिपले, हजारा सिंग, सुनील गांगुली ही नावं आठवतात, ते ह्या घराण्याला ओळखतात. गिटार आडवी ठेवायची, उजव्या हाताच्या बोटांत नख्या घालायच्या आणि डाव्या हातातली पोलादी कांडी तारांवरून सरकवायची. विचित्रवीणेवर काचेचा बट्टा फिरतो ना, तसंच. पडद्यांचा उपयोग फक्त जागा कळण्यापुरता. पेडल स्टील हे ह्या गिटारचं नातवंड. ती चार पायांवर टेबलासारखी उभी असते आणि तिच्या खाली पेडलं असतात. पेडल दाबलं की ठरावीक तारेचा सूर ठरावीक अंतराने चढतो. गुडघ्यांपाशी लिव्हर असतात, त्या गुडघ्याने ढकलल्या की आणखी काही तारा चढतात नाहीतर उतरतात. उजवा पाय आवाज कमीजास्त करणाऱ्या वेगळ्या पेडलवर. म्हणजे दोन हात, दोन पाय, दोन गुडघे, सगळेच कामाला. आमच्या मातोश्री पहिल्यांदा मला वाजवताना बघून म्हणाल्या, "शिवणकाम करतोयस का रे?" :-)

आता ही पेडलं आली कुठून? कांडी सरळ असते. ती जिथे ठेवाल तिथे सगळ्या तारा सारख्याच अंतराने चढतात. एकेका सुराने राग मांडणाऱ्या आपल्या वादकाचं त्याने काही अडत नाही. पण अमेरिकेतलं संगीत कॉर्डवर चालतं, म्हणजे तीनचार सूर एकदम. तारा सा-ग-प अशा लावल्या असतील, तर कांडी कुठेही नेली तरी सा-ग-प हाच आकार मिळणार. दुसरा आकार हवा तर तारा वेगळ्या लावायला हव्यात, आणि गाणं चालू असताना खुंट्या पिळत कोण बसणार? कांडी तिरकी धरून थोडंफार भागतं, पण थोडंफारच.

ह्या एका अडचणीतून सगळी डिझाइनं निघाली. आणि प्रत्येक वेळी कोणीतरी आधीच्या माणसाच्या "ओरिजिनल"वर हात टाकला.

सुरुवातीपासून बघू. हवाईतल्या ओआहू बेटावर लाइए गावी १८७४ साली जोसेफ केकुकू जन्मला. शाळकरी वयात त्याने ही पद्धत शोधली असं सर्वसाधारणपणे मानलं जातं. त्याला रेल्वेच्या रुळांजवळ एक बोल्ट सापडला आणि तो तारांवर घासून बघितला, अशी आख्यायिका आहे. गोष्ट बोल्टची असो की सुरीची, त्याने आणि त्याच्यासारख्यांनी काय केलं ते लक्षात घ्या. बाहेरून आलेली चांगली सुरी-समेची गिटार घेतली, तारा पडद्यांपासून उंच उचलल्या, त्या वेगळ्या सुरांत लावल्या आणि गिटार मांडीवर आडवी टाकली. पडद्यांवर बोटं दाबायची हा त्या वाद्याचा मूळ हेतू. तोच रद्द केला. एखाद्या स्पॅनिश कारागिराने बघितलं असतं तर कपाळावर हात मारून घेतला असता.

१९१५च्या सॅन फ्रान्सिस्कोच्या जागतिक प्रदर्शनात हवाई बेटांच्या दालनात हे संगीत वाजलं आणि सगळ्या अमेरिकेला त्याचं वेड लागलं. पुढची अडचण आवाजाची. मोठ्या वाद्यवृंदात गिटार ऐकूच येईना. जॉर्ज बोशॉम्प आणि ॲडॉल्फ रिकनबॅकर ह्यांनी १९३२ साली ओतीव ॲल्युमिनियमची, गोल अंगाची आणि लांब दांडीची एक मांडीवरची गिटार बाजारात आणली. दिसायला थेट तव्यासारखी, म्हणून तिचं नावच पडलं "फ्राइंग पॅन". तारांभोवती नालेच्या आकाराचे चुंबक, खाली तारेचं वेटोळं. बाजारात आलेली पहिली यशस्वी इलेक्ट्रिक गिटार म्हणतात ती हीच. पुढे ज्यांनी उभ्याने गिटार वाजवून जग डोक्यावर घेतलं, त्या सगळ्यांची वीज आली ह्या हवाईयन तव्यातून. लाकडाची पोकळ पेटी हा गिटारचा प्राण समजला जायचा. ती पेटीच काढून टाकली!

आवाजाचं भागलं, कॉर्डचा प्रश्न राहिला. पहिला तोडगा सरळसोट होता. एकाच लाकडी ठोकळ्यावर दोन, तीन, चार गिटारी शेजारी शेजारी बसवायच्या आणि प्रत्येक वेगळ्या सुरांत लावायची. फेंडर कंपनीच्या स्ट्रिंगमास्टरमध्ये तर चार-चार होत्या. वादक ह्या गिटारवरून त्या गिटारवर उड्या मारायचा.

दुसरा तोडगा पेडलांचा. इंडियानापोलिसच्या हार्लिन बंधूंनी "मल्टी-कॉर्ड" काढली. गिब्सन कंपनीने जॉन मूर ह्या माणसाच्या साथीने १९४०च्या सुमाराला "इलेक्ट्राहार्प" काढली, तिची पेडलं मागच्या डाव्या पायाभोवती पंख्यासारखी पसरलेली होती. पेडल दाबलं की तारांची लावणी बदलणार, म्हणजे चार गिटारींचं काम एकीत. कल्पना उत्तम. पण ह्या लोकांच्या डोक्यात पेडल म्हणजे एक बटण होतं. दाबा, सूर बदलू द्या, मग वाजवा.

मग आला पॉल बिग्सबी. कॅलिफोर्नियात डाउनी इथे राहणारा, आधी क्रॉकर मोटारसायकलींच्या कारखान्यात काम केलेला यंत्रकारागीर. मी पेशाने मेकॅनिकल इंजिनियर असल्यामुळे ह्या माणसापुढे माझे हात आपोआप जोडले जातात. त्याने १९४८ साली स्पीडी वेस्टसाठी तीन गिटारींची आणि चार पेडलांची एक पेडल स्टील बनवली. त्यातली एक साधी वाटणारी गोष्ट फार मोठी आहे. त्याने पेडलं पंख्यासारखी न ठेवता पुढच्या दोन पायांमधल्या आडव्या दांडीवर एका ओळीत बसवली. म्हणजे एका पावलाने शेजारची दोन पेडलं एकदम दाबता येतात, आणि पाऊल जरासं कलवून एक सोडून दुसरं धरता येतं. आज जगात जी पेडल स्टील बनते तिची पेडलं अशीच असतात. बिग्सबीची प्रत्येक गिटार त्या त्या वादकाच्या फर्माइशीप्रमाणे बनायची. साचा एक, पण माल प्रत्येकाचा वेगळा. मग त्यातली "ओरिजिनल" कुठली?

ह्यापुढचा भाग सरगमात सांगितला तर आपल्या लोकांना पटकन कळेल.

बड आयझॅक्स हा नॅशव्हिलचा वादक. त्याच्याकडे बिग्सबीची गिटार होती. नोव्हेंबर १९५३ मध्ये वेब पिअर्सचं "स्लोली" नावाचं गाणं ध्वनिमुद्रित होत असताना त्याने काय केलं, तर तारा वाजत असतानाच पेडल दाबलं. तारा सा-ग-प लागलेल्या. पेडल दाबताच ग सरकत म वर गेला, प सरकत ध वर गेला, आणि सा जागच्या जागी राहिला. सा-ग-प चं सा-म-ध झालं, तेही मींड घेत, आणि षड्ज हललासुद्धा नाही. कांडीने हे कधीच होणार नाही, कारण कांडी सरकली की सा सुद्धा सरकणार. गाणं १९५४ मध्ये आलं, कंट्री संगीताच्या यादीत सतरा आठवडे पहिल्या क्रमांकावर राहिलं, आणि गावातल्या प्रत्येक स्टील वादकाला हाच आवाज काढून दाखव म्हणून तगादा सुरू झाला.

इथे जरा थांबा. आयझॅक्सने गिटारला भोक पाडलं नाही की नवा स्क्रू लावला नाही. त्याने फक्त यंत्र ज्या कामासाठी होतं ते काम नाकारलं. बटण म्हणून दिलेली वस्तू त्याने गळ्यासारखी वापरली. पेडल स्टीलचा जन्म खऱ्या अर्थाने इथे झाला असं मी मानतो.

आणि लगेच पुढच्याने आयझॅक्सची मोडतोड केली. बडी एमन्स, जन्म १९३७, त्या वेळी जेमतेम विशीच्या आसपासचा पोरगा. त्याला वाटलं, ग चा म आणि प चा ध एकाच पेडलवर कशाला बांधून ठेवायचे? त्याने १९५६च्या सुमाराला ते दोन वेगळ्या पेडलांवर टाकले. आता नुसता ग-म घेता येतो, नुसता प-ध घेता येतो, एक आधी आणि एक मागाहून घेता येतो, आणि दोन्ही एकदम हवे असतील तर बिग्सबीने पेडलं शेजारी शेजारी ठेवलेलीच आहेत. आज ही पेडलं "ए" आणि "बी" म्हणून ओळखली जातात आणि शिकणाऱ्याचा पहिला धडा तोच असतो. जिमी डे ह्या त्याच काळातल्या वादकाला मात्र पेडलांचा उलटा क्रम सोयीचा वाटला. म्हणून आजही नवी गिटार मागवताना "एमन्स पद्धत की डे पद्धत?" असं विचारतात. म्हणजे सगळ्यात मूलभूत गोष्टीबद्दलसुद्धा एकमत झालेलं नाही, आणि कोणाचं काही बिघडलेलं नाही.

एमन्स आणि शॉट जॅक्सन ह्या दोघांनी मिळून नॅशव्हिलजवळ कंपनी काढली. शॉटमधला शो आणि बडीमधला बड, म्हणून "शो-बड". ह्या शो-बडच्या जुन्या गिटारी म्हणजे संग्राहकांचं दैवत. तारांखालच्या पट्टीवर पत्त्यांचे इस्पिक, बदाम, चौकट, किलवर कोरलेले, दिसायला खरोखरच देखण्या. आता ह्या कंपनीचं सुरुवातीचं एक काम काय होतं ठाऊक आहे? दुसऱ्यांनी बनवलेल्या बिनपेडलच्या गिटारींना भोकं पाडून पेडलं बसवून देणं. आता बोला!

१९६२ मध्ये एमन्सने आणखी एक उद्योग केला. ह्या लावणीत सलग सूर वाजवायला रे आणि शुद्ध नी हाताशी सापडत नव्हते. त्याने त्यांच्यासाठी दोन तारा वरच्या बाजूला वाढवल्या. पण त्या चढत्या क्रमात बसवल्या असत्या तर बोटांना सवय झालेली बाकीची मांडणी विस्कटली असती. म्हणून त्या सरळ बाहेरच्या कडेला जोडल्या. परिणाम असा की आज दहा तारांच्या पेडल स्टीलवर सगळ्यात उंच तार पहिली नसून तिसरी असते. नवशिक्या विद्यार्थ्याला हे वेड्यासारखं वाटतं. आमच्या जुन्या घरात मोरीतून गेल्याशिवाय माळ्यावर जाता यायचं नाही, कारण मोरी आधी बांधली आणि जिन्याची बुद्धी नंतर झाली. तसलाच प्रकार. ती पहिली आणि दुसरी तार म्हणजे ह्या वाद्याच्या अंगावरचा टाक्यांचा व्रण आहे. ज्यांना न बदललेली पेडल स्टील हवी आहे त्यांनी आधी त्या दोन तारा काढून दाखवाव्यात.

पुढच्याच वर्षी, १९६३ मध्ये, एमन्स स्वतःच्या कंपनीतून बाहेर पडून दुसऱ्या कंपनीत आला. ती त्याच्याच नावाची. तिथे तार चढवण्याची आणि उतरवण्याची आणखी एक वेगळी यंत्रणा केली, ढकल-ओढ पद्धतीची. ती जुळवायला महा कटकटीची, पण आवाज असा की लोक आजही तिच्यावर जीव टाकतात. गुडघ्याच्या लिव्हरसाठी झेन बेक ह्या वादक-कारागिराचं नाव घेतलं जातं. लिओ फेंडरने १९५७ मध्ये "फेंडर १०००" आणि "फेंडर ४००" काढल्या, त्यांच्या पोटात सळयांऐवजी पोलादी केबल आणि कप्प्या होत्या. कुठल्या पेडलने कुठली तार हलवायची ते वादकाने केबल अडकवून स्वतः ठरवायचं, अशी त्यात सोयच होती. बनवणाऱ्याने बदल करायला आपणहून दार उघडं ठेवलं होतं! फेंडर ४०० घेऊन "स्नीकी पीट" क्लाइनाउ १९६९ मध्ये फ्लाइंग बरिटो ब्रदर्सच्या रेकॉर्डवर ती अशी काही वाजवून गेला की ती कंट्रीची गिटार आहे हे क्षणभर विसरायला होतं.

मग ओरिजिनल म्हणजे नेमकं काय? १८८०च्या दशकातली उंच तारांची गिटार? १९३२चा तवा? १९५३ची, एका पेडलवर दोन सूर बांधलेली? की १९६२ची, वरून दोन तारा ठिगळासारख्या लावलेली? संग्राहकाचं उत्तर सोपं असतं: जी ज्या दिवशी कारखान्यातून बाहेर पडली, ती त्या दिवशी जशी होती तशी. म्हणजे वादकाच्या हातात पडण्याच्या आदला दिवस. वाद्याच्या आयुष्यातला जो एकमेव दिवस त्याला कोणीच वाजवलं नव्हतं, तो दिवस पवित्र, आणि नंतरची पन्नाससाठ वर्षं म्हणजे नासधूस!

दोन वर्षांपूर्वी मी इथे अमेरिकेत एका गृहस्थांकडे गिटार बघायला गेलो होतो. साठच्या दशकातली, तीन पेडलांची, एकही लिव्हर नसलेली. तळघरात आणखी आठदहा होत्या, एकीवरही तारा धड नव्हत्या. व्यवहार ठरत आला होता. बोलता बोलता मी म्हटलं, सा चा नी करणारी एक लिव्हर बसवून घेईन म्हणतो, तिच्याशिवाय गेल्या पन्नास वर्षांतलं निम्मं संगीत वाजत नाही. गृहस्थांचा चेहरा उतरला. म्हणाले, मग मी ही तुम्हाला नाही देऊ शकत. वाजवणार आहात म्हणालात तेव्हाच मला शंका आली होती. हे वाक्य मी पदरचं घातलेलं नाही, त्यांनी खरंच तसं म्हटलं. वाजवणाऱ्याला वाद्य द्यायचं नाही, हे धोरण म्हणून सांगितलेलं मी पहिल्यांदाच ऐकत होतो.

अर्थात दुसरी बाजू नाही असं नाही. ती मी प्रामाणिकपणे मांडतो.

एक म्हणजे, जुनी वाद्यं हा पुरावा आहे. बिग्सबीने सळई कुठून नेली, खीळ कुठे मारली, हे त्याच्या हातची वस्तू समोर असल्याशिवाय कळणार नाही. मान्य, शंभर टक्के मान्य. त्यासाठी संग्रहालयं आहेत, आणि प्रत्येक डिझाइनची दोनचार वाद्यं जशीच्या तशी तिथे असायलाच हवीत. बाकीच्यांची मापं घ्या, फोटो काढा, चित्रं काढा. पण तळघरातल्या बंद पेटीतली गिटार कोणाचा पुरावा असते? ती ना अभ्यासकाला दिसते, ना वादकाला.

दुसरं म्हणजे आवाज. जुनं मेपलचं लाकूड, जुने चुंबक, हे पुन्हा मिळणार नाही. हेही खरं. पण चुंबकाला हात लावा असं कोण म्हणतंय? लिव्हर बसवायची म्हणजे गिटारच्या पोटात एक आडवा दांडा, त्यावर एक छोटा क्रँक, तिथून तार चढवणाऱ्या यंत्रापर्यंत एक सळई आणि खालच्या बाजूला काही स्क्रू. जुन्या यंत्रात तार उतरवण्याची सोय नसली तर जास्त खटपट पडते, पण तीही जाणकार माणूस करतो. आणि आवाजाचंच म्हणाल तर न वाजवता ठेवलेल्या यंत्रात तेल सुकून गोंद होतं, सांधे आखडतात, तारा गंजतात. पेडल दाबल्यावर लाकडी अंग किंचित वाकतं आणि बाकीच्या तारा केसभर उतरतात, हा ह्या गिटारींचा जन्मजात दोष. तो किती आहे, कुठे आहे, हे रोज वाजवणाऱ्यालाच कळतं आणि तोच तो सांभाळून घेतो.

तिसरं, आणि हे मला जास्त टोचतं: "एवढी हौस आहे तर नवी घ्या." नवी घ्या म्हणणं सोपं आहे. हे वाद्य मोठाल्या कारखान्यांतून खोक्यांनी निघत नाही. छोट्या कार्यशाळांत, मोजक्या माणसांच्या हातून बनतं, आणि त्याची किंमत शिकाऊ पोराच्या खिशाला परवडणारी नसते. पूर्वीपासून ह्या वाद्याकडे नवा माणूस यायचा तो जुनी, घासलेली, दोनतीन जणांनी फेरफार केलेली गिटार घेऊन. तीच वाट संग्राहक बंद करताहेत. वादक संपले तर सळया बदलू जाणणारे कारागीर संपतील, कारागीर संपले तर त्या काचेआडच्या ओरिजिनल गिटारी दुरुस्त करायलाही कोणी उरणार नाही. मग काय करणार, धूळ पुसत बसणार?

आता कोणी म्हणेल, एका अमेरिकन वाद्याबद्दल तू इतका का पेटलायस? तर ह्याच वाद्याच्या हवाईयन आजीचं आपल्याकडे काय झालं ते बघा. हवाईचं ताऊ मो कुटुंब १९४०च्या दशकात कलकत्त्याला राहिलं, तिथे ही गिटार रुजली. मग जोधपूरच्या ब्रिजभूषण काबरांनी तिच्यावर राग वाजवायचा ध्यास घेतला. त्यांनी तारांची मांडणी बदलली, चिकारी लावली. १९६७ मध्ये शिवकुमार शर्मा आणि हरिप्रसाद चौरसिया यांच्याबरोबर त्यांनी केलेली "कॉल ऑफ द व्हॅली" कित्येक मराठी घरांत होती, आमच्याही होती. विश्वमोहन भट्टांनी गिटारला तरफा बसवून मोहनवीणा केली आणि १९९४ मध्ये ग्रॅमी आणलं. देबाशिष भट्टाचार्यांनी स्वतःची चतुरंगी घडवली. तिकडे नायजेरियात किंग सनी अडेच्या ताफ्यात डेमोला अडेपोजू पेडल स्टील वाजवत होता, आणि अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या काही चर्चमध्ये स्टील गिटार १९३०च्या दशकापासून प्रार्थनेत गातेय. ह्यातल्या एकानेही कारखान्याचा मान राखला नाही. राखला असता तर आपल्याला फक्त हवाईच्या लाटांची गाणी ऐकायला मिळाली असती.

(जाता जाता: केकुकूच्याही आधी होनोलुलूत गॅब्रिएल डेव्हियन नावाचा, भारतात जन्मलेला एक खलाशी तारांवर काहीतरी सरकवून गिटार वाजवायचा, असा एक दावा आहे. तो हाती लागला की आपले काही उत्साही लोक "बघा, मुळात आपलंच!" म्हणून नाचायला लागतात. हेही त्याच ओरिजिनलच्या रोगाचं देशी रूप. एका खलाशाच्या जन्मगावावरून वाद्याची मालकी ठरत नसते.)

आजोबांचा तंबोरा आठवतोय ना घरच्यांना? त्याची जवारी दर काही वर्षांनी मिरजेला नेऊन लावून आणायचे. घोडीचा पृष्ठभाग पुन्हा पुन्हा घासायचा, म्हणजे मूळचं हाड थोडं थोडं कमी करायचं. आजोबांना कोणी सांगितलं असतं की घासू नका, ओरिजिनल जाईल, तर त्यांनी त्या माणसाला चहासुद्धा विचारला नसता.

तेव्हा ज्यांच्याकडे जुनी पेडल स्टील आहे त्यांना माझं सांगणं एवढंच: ती बाहेर काढा, साफ करा, वंगण घाला, तारा लावा. एखादी लिव्हर हवीशी वाटली तर चांगल्या कारागिराकडून बसवून घ्या. आधी फोटो काढून ठेवा, काय बदललं ते एका कागदावर तारखेनिशी लिहा, आणि निघालेले जुने भाग पिशवीत घालून गिटारच्या पेटीतच ठेवा, म्हणजे पुढच्याला हवं तर पूर्ववत करता येईल. वाजवायची इच्छा नसेल, तर वाजवणाऱ्याला द्या. त्याने स्क्रू-ड्रायव्हर बाहेर काढला तरी द्या.

तूर्तास इतकंच.